मूठमाती की अग्नी?

दिवाळीच्या अंकात मरणाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपली दिवाळी स्वतःच मरणाला विसरत नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा लावून, वात दक्षिणेकडे करून तो यमाच्या नावाने दारात ठेवायचा, नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की यमतर्पण करायचे, आणि मगच लाडू-चकलीच्या ताटाकडे वळायचे, असा आपला क्रम आहे. यमाचा दिवा यमाला पोचला की घर निर्धास्तपणे सणाला लागते.

२०२४ साली दिवाळीचा पाडवा २ नोव्हेंबरला आला होता. त्याच तारखेला दरवर्षी कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. वसईत, मुंबईत, गोव्यात त्या दिवशी लोक दफनभूमीत जातात, आपापल्या माणसांच्या कबरी झाडून-पुसून फुलांनी सजवतात, त्यांवर मेणबत्त्या लावतात. त्या वर्षी एका आळीत पाडव्याच्या पणत्या आणि पलीकडच्या आळीत कबरींवरच्या मेणबत्त्या एकाच संध्याकाळी तेवत होत्या. दिवे दोन्हीकडे सारखेच. पण एकीकडच्या माणसांनी आपले पूर्वज अग्नीच्या स्वाधीन केलेले, दुसरीकडच्यांनी मातीच्या. असे का, हा प्रश्न सहज पडावा असा आहे.

मी पेशाने शाळामास्तर. इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. एकदा सातवीच्या वर्गात रोमन साम्राज्याचा विषय निघाला असताना ख्रिस्ती घरातल्या एका मुलीने विचारले, "सर, शेवटच्या दिवशी देव सगळ्या मेलेल्यांना उठवणार ना? मग ज्यांना जाळून टाकलं, त्यांना तो कसं उठवणार?" वर्ग हसला. मी तिला पुढच्या तासाला उत्तर देण्याचे कबूल केले आणि पुस्तके चाळायला बसलो. तेव्हा ध्यानात आले की ह्या पोरीचा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. राजांनी, पोपांनी, न्यायाधीशांनी त्याची उत्तरे दिली आहेत, आणि ती सगळी एकासारखी एक नाहीत. पण ती एकामागून एक वाचत गेले की एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते. ख्रिस्ती धर्माचे वैर खुद्द अग्नीशी फारसे कधी नव्हतेच. ते होते अग्नी लावणाऱ्याच्या हेतूशी. ते कसे, तेच आता सांगतो.

येशू ख्रिस्ताच्या काळचे रोम हे दहन करणारे शहर होते. मोठ्या माणसाची चिता शहराबाहेर रचली जाई. अस्थी आणि राख कलशात भरून ते कलश भिंतीतल्या ओळीने केलेल्या कोनाड्यांत ठेवले जात. कोनाड्यांनी भरलेल्या अशा दालनाला रोमन लोक चक्क 'कबुतरखाना' म्हणत. शहराच्या हद्दीत कोणाला पुरायचेही नाही आणि जाळायचेही नाही, असा त्यांचा फार जुना कायदा होता.

ज्यू लोकांची रीत मात्र मातीची. अब्राहामाची बायको सारा वारली, तेव्हा परक्या मुलखात राहणाऱ्या त्या म्हाताऱ्याने रुप्याचे ४०० शेकेल मोजून मकपेलाची गुहा विकत घेतली आणि तिला तेथे ठेवले, अशी बायबलात कथा आहे. मृतासाठी हक्काची जागा असावी, ही ओढ तितकी जुनी आहे. तरी त्याच बायबलात शौल राजाचे प्रेत याबेश-गिलादच्या लोकांनी जाळले आणि अस्थी झाडाखाली पुरल्या, असेही सांगितले आहे, आणि त्याबद्दल कोठे त्यांना दोष दिलेला नाही.

ख्रिस्ती धर्म ह्या ज्यू घरात जन्मला. येशूला क्रुसावरून उतरवल्यावर अरिमथाईकर योसेफाने खडकात खोदलेल्या कबरेत त्याला ठेवले आणि तिसऱ्या दिवशी ती कबर रिकामी सापडली, ही त्या धर्माची मुख्य गोष्ट. ज्याच्या मागे जायचे त्याला जसे ठेवले तसेच आपल्यालाही ठेवावे, असे अनुयायांना वाटले तर त्यात नवल ते काय? शिवाय संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात मृत देहाला पेरलेल्या बियाण्याची उपमा दिली आहे. आपल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. बी जमिनीत जाते ते नाहीसे होण्यासाठी नव्हे, उगवण्यासाठी. ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला जो ग्रीक शब्द घेतला त्याचा मूळ अर्थ 'निजण्याची जागा' असा आहे. निजलेल्याला कोणी जाळत नाही. त्याला पांघरूण घालतात.

रोमच्या भोवतालचा खडक मऊ आहे. हत्याराने सहज कोरता येतो आणि वाऱ्याने घट्ट होतो. त्या खडकात ख्रिस्ती लोकांनी मैलोगणती भुयारे कोरली आणि भिंतींत एकावर एक खण पाडून त्यांत आपली माणसे निजवली. हे काम करणारा खोदकऱ्यांचा एक वर्गच तयार झाला होता. गरिबातल्या गरिबालाही ह्या भुयारांत जागा मिळे.

दहन करणाऱ्या रोमन लोकांना हे विचित्र वाटे. दोन-तीन शतकांच्या त्या काळात मिनुसियस फेलिक्स नावाच्या लेखकाने एक संवाद लिहिला आहे. त्यात एक रोमन गृहस्थ ख्रिस्ती लोकांची थट्टा करतो, की तुम्ही चितेला भिता, कारण जळाल्यावर उठणार कसे, अशी तुम्हाला धास्ती! त्यावर ख्रिस्ती पात्राचे उत्तर मोठे समंजस आहे. आम्हाला कोणत्याही रीतीची धास्ती नाही, जुनी आणि चांगली रीत म्हणून आम्ही मातीची रीत पाळतो, एवढेच, असा त्याचा आशय. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर तेव्हाच दिले गेले होते.

धास्ती नाही, हे बोलून दाखवणे सोपे. पण त्याची परीक्षाही झाली. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरी ख्रिस्ती लोकांचा फार छळ झाला. त्यांना मारले, प्रेते उघड्यावर टाकली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. ह्यांना पुन्हा उठण्याची आशाच राहू नये, हा त्यामागचा उघड हेतू. मागे राहिलेल्या ख्रिस्ती मंडळीने हे सारे पत्रात लिहून ठेवले. दुःख फार केले, पण आमचे हुतात्मे आता उठणार नाहीत, असे काही त्यांनी म्हटले नाही. पुढे ४१० साली रोम लुटले गेले आणि कितीतरी ख्रिस्ती माणसे मूठमातीवाचून राहिली, तेव्हा संत ऑगस्टीनने आपल्या 'ईश्वराचे नगर' ह्या ग्रंथात स्पष्टच सांगितले की दफन न झाल्याने मृताचे काही बिघडत नाही. अंत्यविधीचा थाट हा मेलेल्याच्या मदतीपेक्षा जिवंतांच्या समाधानासाठीच अधिक असतो. तरीही देहाला मानाने निरोप द्यावा, असेही तो म्हणतो. हे दोन्ही धागे पुढे सोळाशे वर्षे सोबत चालले.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या प्रामाणिकपणासाठी सांगायला हवी. रोममधली चिता ख्रिस्ती लोकांनी विझवली, असा एक समज आहे. तो खरा नाही. दुसऱ्या शतकापासून खुद्द रोमन श्रीमंतांतच कोरीव दगडी पेट्यांत देह ठेवण्याची रीत पसरू लागली होती. ख्रिस्ती धर्म राजधर्म होण्याच्या कितीतरी आधी रोमची हवा बदलली होती.

आपल्यालाही ह्यात फार परके वाटू नये. आपण स्वतःला दहन करणारे म्हणवतो, पण संन्याशाला आपण अग्नी देत नाही, तान्ह्या बाळाला मूठमातीच देतो, आपले लिंगायत बांधव दफनच करतात, आणि आळंदीला लाखो वारकरी डोके टेकवतात ते एका समाधीवर. माती आणि अग्नी ही दोन्ही आपल्याच घरातली आहेत.

युरोपात मात्र पुढे अग्नीला निराळाच अर्थ चिकटला. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांना जिंकले आणि त्यांच्यासाठी कडक कायदे केले. जुन्या धर्माच्या रीतीने प्रेत जाळील त्याला देहान्त शिक्षा, हे त्यांतले एक कलम होते. येथे अपराध राखेचा नव्हता. जुन्या देवांशी इमान राखण्याचा होता. चिता ही बंडाची खूण ठरली.

ह्याच्या उलट, आपल्याच माणसांच्या हातून देहाची हेळसांड झाली तर धर्मपीठाला तेही चालत नसे. धर्मयुद्धांत दूरदेशी मेलेल्या सरदारांची प्रेते कापून, उकळून, मांस सुटे करून नुसती हाडे मायदेशी आणण्याची चाल पडली होती. पोप आठवा बोनिफेस ह्याने १२९९ साली फर्मान काढून ती बंद करायला लावली.

पण ज्या धर्मपीठाने हाडे उकळण्याची शिसारी दाखवली, त्याच्याच न्यायालयांनी दोषी ठरवलेली माणसे पुढे जिवंत जाळली गेली. १४१५ साली कॉन्स्टन्स येथे यान हुसला जाळून त्याची राख ऱ्हाईन नदीत टाकली. इंग्लंडातला जॉन विक्लिफ १३८४ साली अंथरुणावर शांतपणे मेला होता. पण पाखंडी ठरल्यामुळे १४२८ मध्ये त्याची हाडे उकरून जाळली आणि राख जवळच्या ओढ्यात सोडली. १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला जाळले आणि तिची राख सीन नदीत गेली. लियाँच्या अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती लोकांशी जे केले, तेच आता ख्रिस्ती न्यायाधीश ख्रिस्ती माणसांशी करत होते. हेतूही तोच: मागे थडगे राहू नये, कोणी तेथे फूल वाहू नये.

ह्याची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. मुंबई बेटाचा खंडकरी म्हणूनही त्याचे नाव आपल्या इतिहासात येते. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचे त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. १५६८ मध्ये तो मेला आणि ख्रिस्ती रीतीने त्याचे दफन झाले. पण तो मूळच्या ज्यू घराण्यातला. गुप्तपणे जुनाच धर्म पाळत होता, असे गोव्याच्या धर्मन्यायालयाने नंतर ठरवले. १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाहीरपणे जाळण्यात आली. त्याच गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा देह आजही जपून ठेवला आहे आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत तो दर्शनासाठी उघडला होता. एकाच गावात एक देह शतकानुशतके जपला आणि दुसऱ्याची हाडेसुद्धा राहू दिली नाहीत. अग्नी म्हणजे बहिष्कार, हा अर्थ ख्रिस्ती मनात कसा रुजला, ते ह्यावरून कळेल. अशा मनाला स्वखुशीने जळून घेण्याची कल्पना रुचणार तरी कशी?

ती कल्पना आली एकोणिसाव्या शतकात, आणि आली ती वैद्यांच्या तोंडून. जुन्या शहरांतली चर्चची आवारे तोवर तुडुंब भरली होती. पॅरिसमध्ये एका दफनभूमीलगतच्या घराच्या तळघराची भिंत प्रेतांच्या भाराने कोसळली. १७८० मध्ये ती दफनभूमी बंद करावी लागली आणि १७८६ पासून तिथली हाडे गाड्या भरभरून शहराखालच्या दगडखाणींत नेऊन रचली गेली. लंडनचीही तीच गत. कुजणाऱ्या प्रेतांनी हवा-पाणी नासते, तेव्हा जाळणे बरे, असे डॉक्टर बोलू लागले. इटलीत ही चर्चा जोरात होती. १८६९ साली फ्लॉरेन्सला भरलेल्या वैद्यकीय परिषदेतही दहनाचा पुरस्कार झाला.

आणि पुढच्याच वर्षी त्या फ्लॉरेन्समध्ये खरी चिता पेटली. ती पेटली आपल्या कोल्हापूरच्या राजासाठी! छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले होते. वय जेमतेम विशीचे. व्हिक्टोरिया राणीला भेटून परत येताना वाटेत प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्स मुक्कामी त्यांचे देहावसान झाले. बरोबरच्या मंडळींनी दहनाची परवानगी मागितली. ख्रिस्ती शहर, कॅथलिक देश. पण अधिकाऱ्यांनी ती दिली. आर्नो आणि मुन्योने ह्या दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, हिंदू रीतीने महाराजांना अग्नी देण्यात आला. पुढे १८७४ मध्ये तेथे छत्री आणि महाराजांचा अर्धपुतळा उभारला गेला. छत्रीची आखणी केली ती मेजर मँट ह्यांनी. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याप्रमाणे झाला. आजही फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणूनच ओळखतात आणि जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

येथे ध्यानात घ्यायचे ते असे. ह्या चितेने कोणाचा धर्म बुडाला नाही. परक्या राजाने आपल्या धर्माप्रमाणे अग्नी घेतला, ह्यात ख्रिस्ती धर्माला आव्हान कसले? आव्हान आले ते सहा वर्षांनी, घरच्याच माणसांकडून. अल्बेर्तो केलर नावाचा रेशमाचा धनाढ्य व्यापारी १८७४ मध्ये वारला. मला जाळा, असे सांगून त्याने त्यासाठी पैसाही ठेवला होता. कायद्याची वाट मोकळी होईपर्यंत त्याचा देह मसाले भरून जपून ठेवला होता. २२ जानेवारी १८७६ ला मिलानच्या दफनभूमीत त्याच्याच पैशाने बांधलेल्या भट्टीत त्याचे दहन झाले. युरोपातले नव्या धर्तीचे ते पहिले दहनगृह.

त्या काळच्या इटलीचे वातावरण आठवा. सप्टेंबर १८७० मध्ये इटलीच्या फौजांनी रोम घेतले होते आणि पोपचे राज्य संपवले होते. फ्रीमेसन मंडळी आणि स्वतंत्र विचाराचे पुढारी पाद्र्यांच्या नावाने बोटे मोडत होते. त्यांनी दहन हे आपले निशाणच केले. आम्ही मेल्यावरही पाद्र्याच्या हाती सापडणार नाही, हा त्या भट्टीमागचा डौल होता. खुद्द गॅरिबाल्डीने लिहून ठेवले होते की मला समुद्राकडे तोंड असलेल्या उघड्या जागी, लाल सदऱ्यासह, सुगंधी लाकडांच्या चितेवर जाळा. १८८२ मध्ये तो गेला. पण त्याच्या आप्तांना आणि सरकारला धीर झाला नाही. त्याला काप्रेरा बेटावर पुरून वर भला थोरला दगड ठेवला. ज्याने राजे हलवले, त्याला आपली चिता काही मिळाली नाही!

रोमने उत्तर दिले ते १८८६ च्या मे महिन्यात. कॅथलिकांनी दहनसंस्थांचे सभासद होऊ नये आणि आपले किंवा दुसऱ्याचे प्रेत जाळावे अशी आज्ञा करू नये, असा हुकूम निघाला. आता गंमत पाहा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरा हुकूम निघाला. त्यात असे ठरवले की ज्याने स्वतः हट्टाने दहन मागितले त्याला धर्मविधी नाही. पण मृताची इच्छा नसता इतरांनी त्याला जाळले असेल, तर त्याचे धर्मविधी अडवू नयेत. राख दोघांची सारखीच. फरक फक्त इच्छेचा. साथीच्या किंवा लढाईच्या प्रसंगी प्रेते जाळावी लागली तर तीही मुभा होतीच.

त्याच्या दोन वर्षे आधी, १८८४ मध्ये, हाच पेच हिंदुस्थानातून रोमला गेला होता. विशाखापट्टणमच्या मिशनने विचारले होते: उच्च जातीतला कोणी मरणसमयी बाप्तिस्मा घेतो, पण त्याचे घरचे त्याला त्यांच्या रीतीने जाळणार हे ठरलेलेच, मग काय करावे? उत्तर आले त्याचा भावार्थ असा, की दहनाला तुम्ही संमती देऊ नका, पण आडवेही येऊ नका. बाप्तिस्मा मात्र नाकारू नका. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. मृत्युशय्येवरच्या माणसाला बाप्तिस्मा देताना, उद्या तुझे प्रेत कोणत्या वाटेने जाणार, हे विचारण्याची गरज रोमला वाटली नाही.

इंग्लंडात कथा निराळ्या वळणाने गेली. सर हेन्री थॉम्प्सन ह्या नामांकित शस्त्रवैद्याने १८७४ मध्ये दहनसंस्था काढली. वोकिंग येथे भट्टी बांधली आणि १८७९ मध्ये तिच्यात एका घोड्याचे प्रेत जाळून पाहिले. पण गावकऱ्यांनी ओरड केली आणि सरकारने माणसासाठी मनाई केली. लिंकनचे बिशप वर्ड्‌सवर्थ ह्यांनी व्यासपीठावरून दहनाचा निषेध केला; दहनाने लोकांची पुनरुत्थानावरची श्रद्धा डळमळेल, अशी त्यांना भीती. मँचेस्टरचे बिशप फ्रेझर मात्र म्हणत, की ईश्वराला मातीतून माणूस उठवता येतो तर राखेतून का येणार नाही? लॉर्ड शाफ्ट्सबरी हे मोठे धर्मनिष्ठ गृहस्थ. त्यांना कोणीतरी हीच पुनरुत्थानाची अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी उलट विचारले, असे असेल तर आगीत जळालेल्या आपल्या हुतात्म्यांचे काय? त्या मुलीला पुढच्या तासाला मी हेच उत्तर सांगितले.

कायद्याचा निकाल लावला तो एका विक्षिप्त म्हाताऱ्याने. वेल्समधले डॉक्टर विल्यम प्राइस कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून हिंडत आणि स्वतःला जुन्या ड्रुइड धर्माचे पुरोहित म्हणवत. त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव त्यांनी येशू ख्रिस्त असेच ठेवले. पाच महिन्यांचे ते मूल गेले. जानेवारी १८८४ मधल्या एका रविवारी संध्याकाळी, लोक प्रार्थनेहून परतत असताना, म्हाताऱ्याने टेकडीवर मुलाला अग्नी दिला. जमाव खवळला, लहानगे प्रेत जाळातून ओढून काढले, आणि पोलीस आले म्हणून डॉक्टर वाचले. खटला कार्डिफला उभा राहिला. न्यायाधीश होते सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. १८६९ ते १८७२ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचे सभासद म्हणून कलकत्त्याला राहिलेले, आणि आपल्याकडचा १८७२ चा पुराव्याचा कायदा ज्यांनी रचला तेच हे. तो कायदा ३० जून २०२४ पर्यंत आपल्या कोर्टांत चालू होता. स्टीफनसाहेबांनी निकाल दिला की प्रेत जाळणे हा इंग्लंडच्या कायद्याने गुन्हा नाही. लोकांना उपद्रव होईल अशा रीतीने जाळले तरच गुन्हा. पुढच्याच वर्षी, २६ मार्च १८८५ ला, वोकिंगच्या भट्टीत पहिले दहन झाले. सबंध वर्षात तीनच झाली.

त्यानंतर इंग्लंड हळूहळू वळले. १९०५ मध्ये नट हेन्री आयर्विंगची राख वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरली गेली. १९४४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल ह्यांचे दहन झाले. त्या पदावरचे असे पहिलेच. आज इंग्लंडात चारांतल्या तिघांहून अधिक माणसांना अग्नीच दिला जातो, आणि बहुतेकांना त्यात धर्मबाह्य असे काही वाटत नाही.

रोमनेही शेवटी मन बदलले. मधल्या काळातली एक विसंगती येथे सांगण्यासारखी आहे. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत दहनाची मनाई घातली गेली. आणि तीनच वर्षांनी, १९२० मध्ये, जिची राख सीन नदीत वाहून गेली होती त्या जोनला त्याच धर्मपीठाने संत म्हणून जाहीर केले! राखेने संतपद अडत नाही, हे असे घरातूनच सिद्ध झाले होते. जुलै १९६३ मध्ये रोमने बंदी उठवली. ख्रिस्ती शिकवणीचा द्वेष म्हणून कोणी दहन मागत असेल तरच ते त्याज्य. एरवी चालेल, पण माती अधिक बरी, असे ठरले. १८८६ पासून जो हेतू धरून मनाई होती, तो हेतू निघून गेला, तशी मनाईही गेली. २०१६ मध्ये आणखी खुलासा झाला, की राख घरात ठेवू नये, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये, पवित्र जागीच ठेवावी. मृताला नावागावासह एक ठिकाण असावे, हा मकपेलाच्या गुहेपासूनचा आग्रह अजून सुटलेला नाही. २०२३ च्या डिसेंबरात त्यात थोडी सवलत मिळाली. आठवण म्हणून राखेचा अल्पसा अंश जवळच्यांना ठेवता येईल, असे सांगण्यात आले.

सगळ्यांनीच हे मानले असे नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींना दहन आजही मान्य नाही. ग्रीसमध्ये पहिले दहनगृह सुरू झाले तेच मुळी २०१९ मध्ये; तोवर ज्याला हवे असेल त्याचे प्रेत शेजारच्या बल्गेरियात न्यावे लागे.

आपल्या देशात हा प्रश्न आणखी नाजूक आहे. कारण येथे माती आणि अग्नी ह्यांवरून शेजारी माणसाची जात-जमात ओळखतात. ब्रह्मबांधव उपाध्याय हे बंगालचे कॅथलिक संन्यासी. आपण धर्माने ख्रिस्ती आणि संस्काराने हिंदू, असे ते सांगत. राजद्रोहाचा खटला चालू असतानाच १९०७ च्या ऑक्टोबरात ते कलकत्त्याच्या इस्पितळात वारले आणि त्यांचे हिंदू रीतीने दहन झाले. त्यांच्या चितेचा अर्थ काय, ह्यावर त्यांचे दोन्हीकडचे चाहते वाद घालत बसले. चिता मूक असते. तिला अर्थ जिवंत माणसे देतात.

मुंबईत जागेची टंचाई म्हणून कबरी काही वर्षांनी उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात आणि त्याच जागी दुसऱ्याला निजवतात. रोमच्या कबुतरखान्याची आठवण व्हावी अशीच ही सोय. त्या शहरात ३० मार्च २०२० ला महानगरपालिकेने परिपत्रक काढले, की करोनाने मेलेल्या प्रत्येकाचे, मग तो कोणत्याही धर्माचा असो, दहनच करावे. काही तासांतच ते बदलून प्रशस्त दफनभूमींत दफनाची मुभा द्यावी लागली. सक्तीची आग कोणालाच सोसत नाही, हे लियाँपासून ठाऊक असलेले सत्य पुन्हा एकदा दिसले.

त्यानंतर चारच महिन्यांनी केरळात जे घडले ते मात्र ह्या साऱ्या इतिहासात नवे होते. आलप्पुळा हा पाणथळ मुलूख. चार हात खणले की पाणी लागते. करोनाच्या प्रेतासाठी सरकारी नियमाप्रमाणे खोल खड्डा तेथे घेताच येईना. तेव्हा तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताने आपण होऊन ठरवले, की अशा मृतांचे चर्चच्याच दफनभूमीत दहन करावे आणि राख तेथेच कबरेत ठेवावी. २८ जुलै २०२० ला चर्चच्या आवारात, क्रुसाच्या सावलीत, दोन चिता पेटल्या. धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. आग विझली, राख गोळा झाली, आणि घरच्यांनी ती आपल्या माणसाच्या नावाच्या कबरेत नेऊन ठेवली. दोन नोव्हेंबरला मेणबत्ती कोठे लावायची, हे त्या घरांतल्या मुलांना ठाऊक आहे.